लेकीचं पहिलं गाऱ्हाणं

माझी लेक पाच वर्षांची होती तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न दिवसभर ऐकू यायचा, "आई, मी इथे कशाला आले?" स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती हे विचारायची, माळ्याच्या शिडीवर अर्ध्यात थांबून विचारायची, आणि एकदा तर न्हाणीघरात जाऊन, कडी लावून, तिने आतून विचारलं.

"आंघोळीला!" मी बाहेरून ओरडले.

"हां," आतून आवाज आला आणि पाणी सांडायला लागलं.

मी मुळात घाईची बाई. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात मी माल पाठवणीचं काम बघते. कानाला फोन, समोर ड्रायव्हर, मागे साहेब, आणि तोंडाने चौथ्याच माणसाला सूचना, असा माझा दिवस जातो. घर तिथून जवळच, मिरजोळे गावातल्या वाडीत. घरात सासू-सासरे, मी आणि लेक. नवरा मुंबईला कंपनीत. तो शिमग्याला आणि गणपतीला येतो आणि मधल्या काळात फोनवरून आम्हाला शिस्त लावतो. कारखान्यातला वेग मी तसाच घरी घेऊन यायचे आणि दारातूनच सुरू करायचे, "दप्तर आत ठेव, डबा घासायला टाक, हातपाय धू, आजीला विचार दूध आलं का, आणि येताना माझा टॉवेल घेऊन ये."

थोड्या वेळाने लेक टॉवेल घेऊन हजर. फक्त टॉवेल. पाठीवर दप्तर तसंच, पायाला चिखल तसाच, आणि चेहऱ्यावर मोठी कामगिरी फत्ते केल्याचा आनंद.

"कान कुठे गहाण ठेवलेस गं?" मी विचारायचे.

ती खरंच कानाला हात लावून बघायची. मला हसू यायचं, रागही यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी काळजीही वाटायची. कारण माझ्या दिराचा मुलगा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, मुंबईत शिकणारा. तो गणपतीला आला की अख्ख्या आरत्या, श्लोक, शाळेतली भाषणं, जे सांगाल ते न अडखळता म्हणून दाखवायचा. वाडीतली माणसं त्याची पाठ थोपटायची, आणि मग सगळ्यांचे डोळे आपोआप माझ्या लेकीकडे वळायचे. त्यानेच तिचं नाव ठेवलं, गळकी कळशी. पोरगा वाईट नाही, जीभ जरा सैल. पण नाव मात्र वाडीभर झालं. लेकही सगळ्यांबरोबर हसायची.

मग एका संध्याकाळी ती विहिरीच्या कठड्याशी एकटीच बसलेली दिसली. समोर आमची जुनी तांब्याची कळशी होती, बुडाला भोक पडलेली.

"आई, गळकी कळशी नीट करता येते?"

"येते की. डाख लावतात."

"आणि माणूस गळका असला तर?"

मी तिला उचलून घरात आणलं आणि त्या रात्री तिच्या आवडीचे घावन केले.

दुसऱ्याच आठवड्यात मी तिला रत्नागिरीत लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तिच्याशी बराच वेळ खेळ केला. काही शब्द सांगितले, मग तिला म्हणायला लावले, मग तेच उलटे म्हणायला लावले. लेकीने दोन शब्दांपर्यंत छान उलटे सांगितले आणि तिसऱ्याला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा प्लास्टिकचा हत्ती उचलला.

"काही झालेलं नाही हो हिला," बाई मला म्हणाल्या. "ती विसरत नाही. एक काम करता करता दुसरं डोक्यात धरून ठेवायला जी जागा लागते, ती या वयात लहानच असते. तुम्ही पाच गोष्टी सांगता. ती चार खाली ठेवते आणि पाचवी उचलते. ही जागा वयाबरोबर वाढत जाते, अगदी मोठी होईपर्यंत वाढते. कुणाची लवकर, कुणाची सावकाश. तोवर एका वेळी एकच सांगत जा."

"एका वेळी एक? मग माझी कामं उरकायची कधी?"

"ते मला नका विचारू," बाई हसल्या. "माझ्या घरीही हीच परिस्थिती आहे."

परत येताना रिक्षात मी विचार करत होते आणि मला एकदम आमच्या लग्नानंतरचा सासरचा ओटा आठवला. जेमतेम शेगडी मावेल एवढा. भाताचं पातेलं उतरवायचं तर आधी आमटीचं खाली ठेवावं लागे, आणि ते खाली ठेवलं की मांजर येई. मी काही गळकी नव्हते, ओटाच लहान होता. पुढे घर वाढवलं तेव्हा लांबलचक ओटा बांधला आणि त्यावर एका वेळी चार चार पदार्थ निघायला लागले. लेकीच्या डोक्यातला ओटा अजून बांधायचा आहे, एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की मी रिक्षा थांबवून दोघींसाठी कुल्फी घेतली.

ओटा बांधायचं काम मात्र माझ्या हातून झालं नाही, मला धीर कुठला. ते नकळत सासऱ्यांनी केलं. त्यांना बोलायला फार लागतं. माणूस नसेल तर कोंबड्यांशी बोलतील. संध्याकाळी पडवीत बसून ते नातीला म्हणायचे, "बाय, मी सांगतंय ता उलटा सांग. फणस, काजू."

"काजू, फणस."

"फणस, काजू, कोकम."

"कोकम... काजू... कोकम!"

मग दोघंही हसायची. हरलं की नातीने आजोबांची पाठ खाजवायची, जिंकलं की आजोबांनी नातीला पाठुंगळी घ्यायचं. सुरुवातीला वर्षभर आजोबांची पाठ चांगलीच खाजवली गेली. सातव्या वर्षी ती तीन शब्द उलटे सांगायला लागली. आठव्या वर्षी मला एक गंमत दिसली. मी काम सांगितलं की ती जाताना ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, "डबा, टॉवेल, दूध, डबा, टॉवेल, दूध." वाटेत कुणी हाक मारली तर हात वर करून थांबवायची, बोलायची नाही. बोललं की सांडणार, हे तिचं तिला कळलं होतं. एकदा आमच्या शेजारचे काका तिला विचारत होते, "आजोबा घरात हायत काय गो?" आणि ही त्यांच्यासमोरून हात वर करून, डबा टॉवेल दूध करत निघून गेली. काका मला विचारायला आले की पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना.

नवव्या वर्षी पुटपुटणं बंद झालं. ते आत गेलं असावं. पण नाव तेच राहिलं, गळकी कळशी. एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही.

त्याच वर्षी गणपतीच्या तोंडावर सासऱ्यांचा घसा बसला. नुसता बसला नाही, पार मुक्काम ठोकला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गाठबिठ काही नाही, पण महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. सासऱ्यांना याहून मोठी शिक्षा काळ्या पाण्याचीच झाली असती. ते टाळ्या वाजवून माणसं बोलावायचे आणि हातवारे करून भांडायचे. सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्सात पहिल्यांदा माजा बोलना पुरा होतंय."

पण मग प्रश्न उभा राहिला की गाऱ्हाणं कोण घालणार?

कोकणाबाहेरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार आठवेल. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाशी चारचौघांत, मोठ्या आवाजात केलेलं बोलणं. विसर्जनाच्या दिवशी गणपती घरातून उचलून खळ्यात, म्हणजे अंगणात, पाटावर आणून ठेवतात. वाडीतली माणसं जमतात. घरचा कर्ता हात जोडून देवाला सांगतो, की ही सेवा गोड मानून घे, आणि मग घरातल्या, वाडीतल्या प्रत्येकाचं काय अडलंय, कुणाला काय हवंय, ते एकेक करून मागतो. प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं एका सुरात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" मागणी काय आहे ते नीट ऐकायची गरज नसते. सांगणारा थांबला की व्हय म्हाराजा.

सुरुवातीचं बोलणं दरवर्षी तेच असतं, ते घरातल्या मांजरालाही पाठ असेल. मागण्या मात्र आयत्या वेळी सांगायच्या, गणपती खळ्यात आल्यावर. देवापुढे शिळं ठेवायचं नाही असं सासऱ्यांचं म्हणणं. सगळ्यांनी एकेक करून सांगायचं, आणि सांगणाऱ्याने ते सगळं डोक्यात धरून लगेच, न चुकता, देवापुढे मांडायचं. सासरे ते इतक्या सहज करायचे की त्यात काही अवघड आहे हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

दीर आणि नवरा मुंबईहून आले. दोघांनीही हात वर केले. पुतण्या म्हणाला, "मी म्हणतो. सगळ्यांनी मला आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, मी बघून वाचतो." सासऱ्यांनी दोन्ही हात इतक्या जोरात हलवले की हातातली काठी पडली. मग पडवीच्या कोपऱ्यातून आवाज आला, "मी घालते गाऱ्हाणं."

सगळे माझ्या लेकीकडे बघायला लागले. पुतण्या फस्सकन हसला. माझ्या तोंडावर आलं होतं की अगं नको, पण त्याआधी सासऱ्यांनी डॉक्टरांचा हुकूम मोडला. घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "बाय घालील." आणि सासूबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

पुढचे चार दिवस मी देवापेक्षा लेकीकडे जास्त लक्ष ठेवून होते. ती रिकाम्या खळ्यात उभी राहायची आणि बोट दाखवत बोलायची. पायरी, खुर्ची, मांडवाचा खांब, पाण्याची दगडी डोणी, तुळस. कोंबड्यांच्या मागण्या, मांजराच्या मागण्या, कुंपणावरच्या कावळ्याच्या मागण्या, रोज नव्या. मला कळेना हे काय चाललंय. विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, सगळं एकदम डोक्यात ठेवलं की पडतं. म्हणून मी एकेक जण एकेका ठिकाणी ठेवते. पायरीवर आजी, खुर्चीत शेजारचे काका, खांबाला काका आणि दादा, डोणीपाशी बाबा, तुळशीपाशी तू. त्या जागी बघितलं की त्यांचं आठवतं. फक्त कुणी जागेवरून हलायचं नाही."

मी बघतच राहिले. ओटा तर वाढला होताच, वर पोरीने स्वतःहून मांडणी ठोकली होती. तरी माझ्या मनातली धाकधूक जाईना. सगळ्या वाडीसमोर अडखळली तर ते नाव जन्माचं चिकटेल, आणि ह्या खेपेला ती हसणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

विसर्जनाचा दिवस आला. आरत्या झाल्या, गणपती खळ्यात पाटावर बसला, माणसं जमली. लेक नवा परकर-पोलका घालून, केसांत अबोली माळून पुढे आली आणि तिने आधी सगळ्यांना जागा नेमून दिल्या. वाडीतली मोठी माणसंही मुकाट्याने उभी राहिली. मग ती एकेकापाशी गेली.

सासूबाई म्हणाल्या, "माज्या गुडघ्याचा सांग गो." शेजारचे काका खुर्चीत बसून म्हणाले, "वानरांचा कायतरी बंदोबस्त सांग बाय. ह्या वर्साला एक शहाळा मिळाला नाय." दिराचं मुंबईतल्या बिल्डिंगचं काम अडकलं होतं. पुतण्याला शाळेच्या क्रिकेट संघात जायचं होतं. माझा नवरा म्हणाला, "सुट्टी मागितली की साहेबाचं तोंड वाकडं होतं, तेवढं सरळ होऊ दे." सासऱ्यांनी पाटामागे उभं राहून नुसतं घशाकडे बोट दाखवलं.

शेवटी ती माझ्याकडे आली. "तुझं काय?"

माझं काय असणार. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, "म्हणावं, आमच्या ह्या लेकीच्या सगळं लक्षात राहू दे."

तिने माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांसमोर म्हणू?"

"म्हण की."

"बरं," ती म्हणाली आणि पाटासमोर जाऊन उभी राहिली.

मी तुळशीपाशी हात जोडले, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, शिदोरी! गणपतीबरोबर वाटेत खायला दही-पोहे बांधून द्यायचे असतात. ते मी सकाळीच केले होते आणि स्वयंपाकघरात तसेच ठेवले होते. गाऱ्हाणं संपलं की लगेच गणपती उचलतात, मग धावाधाव नको, म्हणून मी दोन मिनिटांत येते अशा हिशेबाने आत पळाले. मला काय वाटलं असेल, देव जाणे.

आतूनच मी तिचा आवाज ऐकला. बारीक, पण अगदी आजोबांच्या चालीवर.

"बा देवा गणराया म्हाराजा! आज जी काय ह्या लेकरांनी तुजी येडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खळं दणाणलं.

"जा काय चुकलामाकला असंल, ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दही-पोह्यांचा डबा हातात धरून मी चुलीपाशी तशीच उभी राहिले. अंगावर काटा आला होता. आजोबांचा घसा बरा कर, व्हय म्हाराजा. आता आजीच्या गुडघ्याची पाळी. पण मला माहीत नव्हतं की बाहेर पायरीवर उभं राहून सासूबाईंचा गुडघा दुखायला लागला होता, आणि शेजारच्या काकांनी भलेपणाने उठून त्यांना खुर्ची दिली होती आणि स्वतः पायरीवर जाऊन उभे राहिले होते.

"ह्या आमच्या काकांचा गुडघा सकाळी वळत नाय, तो बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ही आमची आजी झाडावर चढते, शहाळी तोडून खाली टाकते, तिला लांब डोंगरापलीकडे पिटाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. त्यात सासूबाईंचाही आवाज होता. सवय हो, दुसरं काय.

मग असा हशा फुटला की कौलावरची कबुतरं उडाली. पुतण्याचा आवाज सगळ्यांत मोठा. "गळली! कळशी गळली!" मी डोळे मिटून घेतले. आता रडणार, आता पळत आत येणार, असं म्हणून मी दाराकडे वळले.

"आजीला नाय, वानरांना म्हाराजा!" लेक हशावर आवाज चढवून ओरडली. "आजीला हितंच ठेव, आनि तिचाच गुडघा बरा कर! काकांचा बराच हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता लोक मनापासून ओरडले. मला वाटतं, मिरजोळ्यात इतकं लक्ष देऊन गाऱ्हाणं त्याआधी कुणी ऐकलं नसेल.

ती पुढे निघाली. खांब, दिराची बिल्डिंग, व्हय म्हाराजा. पुतण्याचा क्रिकेटचा संघ, आणि हसणाऱ्या पुतण्यानेही व्हय म्हाराजा. डोणी, साहेबाचं वाकडं तोंड, व्हय म्हाराजा. मी डबा सावरत घाईने निघाले. माजघरातून पडवीत आले, तेव्हा बाहेर आवाज थांबला होता.

पडवीच्या दारातून मला ती पाठमोरी दिसली. ती तुळशीकडे बघत होती. तुळशीपाशी कुणीच नव्हतं.

एका क्षणात सगळं माझ्या डोक्यात शिरलं. माझी जागा रिकामी होती. पोरीच्या लक्षात राहू दे म्हणून देवाला सांगायला लावणारी बाई स्वतः विसरलेली शिदोरी आणायला आत गेली होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं मी इथे आहे. पण गाऱ्हाण्यात मध्ये बोलायचं नसतं. सगळं खळं गप्प. कुणी हसतही नव्हतं.

तेवढ्यात वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजींना, ज्यांना ऐकायला कमी येतं, वाटलं की मागणी झाली असावी. त्या एकट्याच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

लेकीने मोठा श्वास घेतला. हात पुन्हा नीट जोडले.

"आनि बा देवा म्हाराजा," ती सावकाश म्हणाली, "जा मला आता आठवत नाय, ता तुला म्हायती हाय. ता पन कर म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी पाटामागून, इतके दिवस बंद असलेल्या घशातून, फाटका आवाज आला, "व्हय म्हाराजा!" सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मग सगळं खळं ओरडलं. इतकं, की रस्त्यावरून जाणारी रिक्षा थांबली. सासूबाई सासऱ्यांना गप्प करायचं विसरल्या. मी पडवीत उभी राहून रडत होते आणि हसत होते, आणि पोह्यांचं दही माझ्या साडीवर सांडत होतं.

वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, गणपती पाण्यात गेला, आरती झाली, प्रसाद वाटला. परतीच्या वाटेवर लेक मागून पळत आली आणि माझा हात ओढून म्हणाली, "आई! तुझं राहिलं! आत्ता आठवलं, माझ्या लक्षात राहू दे, हे सांगायचं लक्षातच राहिलं नाही!"

बोलता बोलता तिला स्वतःलाच हसू फुटलं. मलाही. शेजारचे काका विचारायला लागले काय झालं, तर सांगता येईना, दोघी पोट धरून रस्त्याच्या कडेला बसलो.

"आणि मी शिदोरी विसरले होते," मी डोळे पुसत म्हटलं. "झाली फिट्टंफाट."

"मी सांगितलं होतं ना, जागेवरून हलायचं नाही?"

"सांगितलं होतंस गं. चुकलं माझं."

पुतण्या आमच्या मागे चालत होता. तो पुढे येऊन म्हणाला, "पण तू भारी केलंस. मला जमलं नसतं." त्या दिवसापासून त्याने ते नाव घेतलं नाही. वाडीत एक-दोघांनी घेतलं, तर सासऱ्यांनी टाळी वाजवून, काठी दाखवून त्यांना गप्प केलं.

सासऱ्यांचा आवाज हळूहळू परत आला. पूर्वीसारखा नाही, थोडा चिरका, पण सासूबाईंचं बोलणं अर्ध्यात तोडण्यापुरता पुरतो. माझ्या घाईचं काय, ती माझ्याबरोबरच जायची. लेकीला मी आता तीन कामं एकदम सांगते आणि चौथ्याला स्वतःला चिमटा काढते. तिची तीन बरोबर होतात. मीच फ्रिज उघडून उभी राहते आणि विचारते, मी इथे कशाला आले?

यंदा गणपतीत सासऱ्यांनी सुरुवात केली. बा देवा गणराया म्हाराजा, सेवा गोड मानून घे, सगळं झालं. मग ते मागे सरले आणि नातीच्या खांद्याला धरून तिला पुढे केलं. मागण्या आता तिच्या.

ती आधी सगळ्यांकडे फिरून आली. माझ्याकडे आली तेव्हा मी तुळशीपाशी होते. "तुझं काय?"

"म्हणावं, आमच्या आईच्या लक्षात राहू दे."

ती खुदकन हसली आणि पाटासमोर गेली. एकेक मागणी घेत निघाली. पायरी, खुर्ची, खांब, डोणी. शिदोरी मी आधीच पाटाशी आणून ठेवली होती, ह्या खेपेला काही विसरले नव्हते. आणि तेवढ्यात मला आठवलं, गॅसवर दूध आहे. मोठ्या आचेवर, मीच ठेवलेलं.

लेकीने मान वळवून तुळशीकडे बघितलं. मी होते.

दूध उतू गेल्याचा करपट वास खळ्यापर्यंत आला. सासूबाईंनी खुर्चीतून माझ्याकडे डोळे वटारले. मी जागेवरून हलले नाही.